ग्राफिक कार्ड आणि माझी स्कूटी

रात्रीचे पावणेदोन. पाणी प्यायला उठले, तर मधल्या खोलीत निळा उजेड. आमचे धाकटे बंधुराज खुर्चीतच झोपलेले, मान एका बाजूला कललेली, आणि समोर स्क्रीनवर एक पट्टी. सदतीस टक्के. पाणी पिऊन परत आले, तरी सदतीसच! सकाळी ऑफिसला निघताना पुन्हा डोकावले. एकसष्ट.

त्या पट्टीचं नाव ‘एक्स्पोर्ट’. कुणाच्या तरी लग्नाची पंचेचाळीस मिनिटांची फिल्म तिच्यामागे अडकली होती. आणि लवकरच माझी स्कूटीही तिच्यामागे अडकणार होती, हे तेव्हा मला कुठे ठाऊक!

तर मंडळी, गोष्ट २०२५ च्या मे महिन्यातली. बंधुराजांनी एका स्टुडिओतली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं होतं. लग्नं शूट करायची, घरी बसून एडिट करायची. पहिली मोठी ऑर्डर मिळाली, अॅडव्हान्स मिळाला, तो नव्या लेन्सवर उडवूनही झाला. मुलीकडच्यांची अट एकच. लेक आषाढात पहिल्यांदा माहेरी येईल तेव्हा सगळ्या गोतावळ्याने बसून फिल्म बघायची आहे. आषाढ लागत होता २६ जूनला. हातात महिना होता आणि मशीन पाच सेकंद चाललं की दहा सेकंद अडत होतं.

‘‘काय करू लागलास रे रात्र-रात्र? बिल किती आलंय बघ,’’ बाबा.

‘‘ताई, ग्राफिक कार्ड पाहिजे. त्याशिवाय होतच नाही,’’ बंधुराज.

‘‘गेम खेळायचं ना ते?’’ पुन्हा बाबा.

माझ्याकडे तीस हजार रुपये होते. स्कूटीच्या डाउन पेमेंटसाठी जमवलेले. सिडकोतून चिकलठाण्याला रोज शेअर रिक्षात चौथी म्हणून अंग चोरून बसणाऱ्या मुलीला तीस हजार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण भावाचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘देते. पण काय घ्यायचं ते मला समजावून सांग. कळल्याशिवाय रुपया मिळणार नाही.’’

आता मी अकाउंट्सची बाई. मला कार्ड म्हटलं की पॅन कार्ड आठवतं. त्यामुळे पुढचे पंधरा दिवस मी जे शिकले, ते अगदी सरळ भाषेत. तुमच्या घरात, ऑफिसात, मित्रमंडळींत कुणी ना कुणी रील, शॉर्ट फिल्म नाहीतर लग्नाचे व्हिडिओ एडिट करतच असतं. उपयोगी पडेल.

बघू तरी, अडतंय कुठे?

बंधुराजांची यादी तयार होती. पहिल्या नंबरवर आरटीएक्स ५०६०. त्याच महिन्यात, १९ मे रोजी, बाजारात आलेलं एकदम ताजं कार्ड. अमेरिकेतली किंमत २९९ डॉलर. मी कॅलक्युलेटर काढला. तेव्हा डॉलर साधारण ८५ रुपये, म्हणजे २५,४१५. त्यावर १८ टक्के जीएसटी. बेरीज २९,९९०! माझी स्कूटी अगदी दहा रुपयांच्या फरकाने गायब.

म्हटलं, थांब. आमच्या ऑफिसात खर्चाचं व्हाउचर आलं की आधी विचारतात, हे कशासाठी? तोच प्रश्न इथे. मशीन नक्की कुठे अडतंय?

हे कळायला पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडायचा, ‘परफॉर्मन्स’वर जायचं आणि एडिटिंग चालू ठेवून चार आलेख बघायचे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, जीपीयू. आम्ही बघितलं, तर काय! रॅम ८ जीबी, त्यातली साडेसात भरलेली. जुनी हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर धापा टाकतेय. प्रोसेसरही शंभरावर. आणि ज्याच्या नावाने खडे फोडत होतो, ते ग्राफिक कार्ड? ते निवांत. कारण ते होतं जीटी ७१०, २०१६ साली दुकानात आलेलं २ जीबीचं कार्ड. स्क्रीनवर चित्र दाखवण्यापलीकडे त्याला कुणी काही सांगतच नव्हतं आणि सांगितलं असतं तरी झेपलं नसतं.

म्हणजे अडचणी एकूण तीन, आणि आम्ही सगळे पैसे एकीवरच लावायला निघालो होतो!

मंगल कार्यालयाचा फंडा

कार्ड व्हिडिओसाठी नक्की करतं काय? बंधुराजांनी मला तासभर इंग्रजी शब्द ऐकवले. शेवटी मीच आमच्या भाषेत मांडलं.

मंगल कार्यालयाचा मुदपाकखाना डोळ्यांसमोर आणा. एका कोपऱ्यात भाज्या निवडणाऱ्या, सोलणाऱ्या बायका. मध्ये मोठ्या चुलीवर आचारी. दारापाशी डबे भरणारे.

कॅमेऱ्यातून येणारी फाइल ही करकचून बांधलेली गोणी असते. एच.२६४ किंवा एचईव्हीसी या प्रकारात प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि बाकीच्यांत नुसता ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढा हिशेब. जागा वाचते. पण एडिट करताना तुम्ही मधल्याच कुठल्या तरी क्षणावर उडी मारता, तेव्हा मशीनला मागचं पूर्ण चित्र शोधून तिथपासून सगळा हिशेब करत यावं लागतं. हे सोलण्याचं काम, म्हणजे डीकोड. मग रंग सुधारणं, इफेक्ट, चित्र लहानमोठं करणं, हे आचाऱ्याचं काम. आणि शेवटी तयार फिल्म पुन्हा बांधून फाइल करणं, हे डबे भरण्याचं, म्हणजे एन्कोड.

आता खरी मेख ऐका. कार्डात सोलणारे आणि डबे भरणारे यांचे भाग वेगळे, छोटे, ठरलेल्या कामाचे असतात. महागडं कार्ड घेतलं की वाढतात ते मुख्यतः आचारी. गेमला आचारीच लागतात, म्हणून गेमवाल्यांच्या परीक्षणात आचारीच मोजतात. पण आरटीएक्स ३० या घराण्यात सगळ्यात स्वस्त ३०५० घ्या की दांडगं ३०९० घ्या, सोलणारी आणि डबे भरणारी मंडळी एकाच पिढीची! साधी कापाकापी करून फिल्म बाहेर काढणाऱ्याला त्या बाबतीत स्वस्त कार्डही महागाइतकंच कामाला येतं.

हे कळल्यावर मी पहिल्यांदा हुश्श केलं.

(एक आठवण. आमच्या मावशीच्या लग्नाची कॅसेट ‘मिक्सिंग’ला दिली होती. तेव्हा एडिटिंग शब्द कुणी वापरायचं नाही, मिक्सिंगच. मंगळसूत्र घालताना चारी बाजूंनी गुलाब उडत यायचे आणि नवरानवरी बदामात जाऊन बसायचे. त्या काळी मिक्सिंगवाल्यांकडे कॅनोपसचं कार्ड असलं की त्याचा भाव वधारायचा. ‘एडियस’ हे सॉफ्टवेअर मूळचं त्याच कॅनोपसचं, आणि लग्नाच्या धंद्यातली पुष्कळ जुनी मंडळी आजही त्याच्यावरच काम करतात. म्हणजे कार्डाची हौस काही आजची नाही!)

एका अक्षराची चूक

आता बंधुराजांचा प्रोसेसर. आय५-१२४००एफ. शेवटचं ‘एफ’ बघा. इंटेलच्या एफ प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणून तो थोडा स्वस्त मिळतो. मशीन असेंबल करताना सगळेच म्हणतात, ‘एफ घे, कार्ड तर लावणारच आहेस.’

गेमवाल्याला हा सल्ला ठीक. एडिटिंगवाल्याला महागात जातो. कारण एफ नसलेल्या प्रोसेसरच्या आत ‘क्विक सिंक’ नावाची सोलणारी-भरणारी मंडळी फुकट बसलेली असतात आणि ती चांगली तरबेज असतात. ११व्या पिढीपासून पुढचे इंटेल प्रोसेसर तर १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी हा अवघड प्रकारही सोलतात. एडियसवाल्यांचं बरंच काम याच क्विक सिंकवर चालतं. म्हणून नवं मशीन घेणार असाल तर ऐका. शेवटी एफ नसलेला प्रोसेसर घ्या आणि कार्डाशिवाय महिनाभर काम करून बघा. कदाचित कार्ड लागणारही नाही. रायझनवाल्यांनीही बघून घ्यावं, ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही आणि ५६००जी मध्ये आहे.

हे ४:२:२ काय प्रकरण? आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितकासा नाही. म्हणून कॅमेरे रंगाची माहिती कमी साठवतात. ४:२:० मध्ये खूप कमी, ४:२:२ मध्ये त्याच्या दुप्पट. रंग सुधारायला ४:२:२ छान, पण आरटीएक्स ३० आणि ४० ही कार्डं ते सोलू शकत नाहीत. ते जमतं आरटीएक्स ५० ला. इंटेलच्या आर्क कार्डांना एचईव्हीसीतलं ४:२:२ जमतं.

बंधुराजांचा स्वतःचा कॅमेरा साध्या ८-बिट ४:२:० वर चालायचा. पण लग्नाला दुसऱ्या कॅमेऱ्यावर जो मित्र उभा होता, त्याने सगळं १०-बिट ४:२:२ मध्ये घेऊन ठेवलेलं! मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकली की हे सगळं दोन ओळींत कळतं. टास्क मॅनेजरनंतर दुसरं काम हेच करायचं.

बाजारात

मग आम्ही शनिवारी दुकानं पालथी घातली. मला वाटलं होतं, बंधुराज बोलतील आणि मी पर्स धरून उभी राहीन. झालं उलटंच.

एका दुकानात काउंटरवरच्या भाऊंनी डबा पुढे सरकवला. ‘‘मॅडम, हे घ्या. जीटी ७३०, चार जीबी. चार जीबी! एडिटिंगला एक नंबर.’’ आकडा मोठा, किंमत छोटी. पण ती मेमरी जुनी, हळू चालणारी डीडीआर३ आणि चिप त्या जीटी ७१० च्याच घराण्यातली. मी नुसतं ‘‘डीडीआर३ आहे ना?’’ म्हटलं, तर भाऊंनी डबा शांतपणे परत ठेवला.

असे सापळे अजून आहेत. जीटी १०३० दिसायला नवं, पण त्यात डबे भरणारे नाहीतच. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या २०२२ च्या कार्डांतही तसंच. गेम चालतील, एक्स्पोर्टला मदत शून्य. आणि एकाच नावाची दोन कार्डं! आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीचं आलं जानेवारी २०२२ मध्ये. त्याच नावाचं ६ जीबीचं आलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. चिपमधले आचारी कमी, वीज जवळजवळ निम्मी, नाव तेच. डब्यावरचं नाव वाचून भागत नाही, जीबीही वाचावे लागतात.

सेकंडहँडचा विषय निघालाच. बंधुराजांचा एक मित्र मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जायचा सल्ला देत होता. रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडा, सकाळी मुंबई, संध्याकाळी परत. वापरलेलं दांडगं कार्ड निम्म्या किमतीत. मोह झालाच. पण २०२१ मध्ये ही कार्डं बाजारातून का गायब झाली होती, आठवतंय? लोक त्यांच्यावर क्रिप्टोचं मायनिंग करत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि महिनोन् महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं धुऊनपुसून विक्रीला आली. सगळीच खराब नसतात. पण वॉरंटी नसेल तर माझ्या स्कूटीचा जुगार मी खेळणार नव्हते. तुम्ही खेळणार असाल तर दुकानातच मशीनला लावून ‘जीपीयू-झेड’ने तपासा. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकायचे प्रकार होतात, असली पुष्कळ बनावट कार्डं ते ओळखतं. मग अर्धा तास लोड देऊन पंखा आणि तापमान बघा. सीलबंद डब्यावर डोळे मिटून पैसे ठेवू नका.

वॅट आणि वळवाचा पाऊस

शेवटी तीन नावं उरली. आरटीएक्स ५०६०, ८ जीबी. इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबी. आणि आरटीएक्स ३०५०, ६ जीबी.

बी५८० वर माझंही मन बसलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलेलं, १२ जीबी मेमरी, ४:२:२ एचईव्हीसीचीही सोय, यूट्यूबला चालणारं नवं एव्ही१ सुद्धा. आपल्याकडच्या हिशेबाने पंचवीस हजारांच्या आसपास. पण कार्ड वीज खातं १९० वॅट आणि कंपनी सांगते ६०० वॅटचा एसएमपीएस लावा. आमच्या कॅबिनेटसोबत ‘फ्री’ आलेला लोकल एसएमपीएस होता. त्याच्यावर ४०० लिहिलेलं, खरे किती ते देव जाणे! म्हणजे पाच हजारांचा नवा एसएमपीएस. झाले तीस हजार. रॅम आणि डिस्कला उरले किती? भोपळा. आर्क घेणाऱ्यांनी अजून एक बघावं. मदरबोर्डवर ‘रिसाइझेबल बार’ चालत नसेल तर ते कार्ड बरंच मागे पडतं, त्यामुळे जुन्या मशीनला ते लावू नये.

५०६० ची गत तीच. १४५ वॅट, ५५० चा एसएमपीएस, आणि कार्डातच तीस हजार संपलेले.

आणि ३०५०, ६ जीबी? ७० वॅट. बहुतेक मॉडेलना वेगळी वायरही लागत नाही. मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेतं, म्हणून एसएमपीएस बदलायची गरज नाही. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने कसा धुमाकूळ घातला होता, आठवा. वारा सुटला की आमच्याकडे लाइट गेलीच. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच ओढतो. त्यावर पूर्ण लोडचं मशीन, मॉनिटर आणि १९० वॅटचं कार्ड लावून ‘सेव्ह’ म्हणेपर्यंत यूपीएस टिकेलच, याची खात्री कोण देणार? शिवाय आपल्या संभाजीनगरचा उन्हाळा. कार्ड जितके वॅट खातं तितकीच उष्णता खोलीत सोडतं. बंधुराजांच्या खोलीत कूलर आहे, एसी नाही.

म्हणून असा हिशेब जमला. १६ जीबी रॅम ३,२०० रुपये. १ टीबी एसएसडी ५,४००. कार्ड १७,५००. एकूण २६,१००. स्कूटीच्या खात्यात उरले ३,९००. हेल्मेट तरी येईल, अशी मी मनाची समजूत घातली.

(सावधान! हे भाव आमच्या वेळचे. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीला एवढी मागणी लावली की रॅम आणि एसएसडीचे भाव चांगलेच चढले. कार्डावरही मेमरीच असते. तेव्हा आकडे माझे घेऊ नका, पद्धत घ्या. आणि ज्या दिवशी घेणार, त्या दिवशीचा भाव तीन ठिकाणी विचारा.)

लावून बघितलं

आधी रॅम आणि एसएसडी बसवली. टाइमलाइन सुरळीत हलायला लागली. एक्स्पोर्ट सात तासांवरून पाचावर आला. कार्ड अजून डब्यातच होतं, बरं का! मग कार्ड लावलं, प्रीमियरच्या सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर एन्कोडिंग चालू केलं. (हे विसरू नका. प्रीमियरमध्ये एनव्हीडिया आणि एएमडी कार्डांसाठी ही सोय मे २०२० पासून आहे, पण सेटिंग ‘सॉफ्टवेअर’वर राहिलं तर कार्ड बसून राहतं आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या देता.) पुन्हा तीच पंचेचाळीस मिनिटांची फिल्म.

पन्नास मिनिटं! बाबा दोनदा येऊन बघून गेले. ‘‘झालं? पूर्ण?’’

आता खोटं कशाला सांगू, सगळंच काही टकाटक झालं नाही. मित्राच्या त्या ४:२:२ फाइल्स नवं कार्डही सोलत नव्हतं. त्यावर जुनाच उपाय, प्रॉक्सी. रात्री मशीनला सांगायचं, या सगळ्या क्लिपच्या हलक्या नकला करून ठेव. दिवसा नकलांवर एडिट करायचं, शेवटी एक्स्पोर्टला मूळ फाइल आपोआप लागतात. खर्च शून्य रुपये. खरं तर तुमच्याकडे एकही रुपया नसेल तर इथूनच सुरुवात करा. आणि रिसेप्शनच्या अंधाऱ्या शॉटवर बंधुराजांनी दा विंची रिझॉल्व्हमध्ये नॉइज काढायला घेतला, तर स्क्रीनवर ठणठणीत निरोप आला, जीपीयूची मेमरी भरली. ६ जीबीची ती हद्द. रिझॉल्व्ह कार्डावर जास्त भार टाकतं. रोज ४के मध्ये रंगाचं जड काम असेल तर ८ नाही, १२ जीबी बघा. म्हणजे पुन्हा बी५८० किंवा ३०६० चं १२ जीबीवालं. आमच्यासारखी शूटिंग ४के, डिलिव्हरी फुल एचडी असेल तर ६ मध्ये भागतं.

लॅपटॉपवाल्यांनो, तुमचं कार्ड बदलता येत नाही. तुम्ही रॅम, एसएसडी आणि प्रॉक्सी या तिघांवर भिस्त ठेवा.

आणि आषाढ

फिल्म आषाढाच्या तीन दिवस आधी गेली. पैसे आले, बंधुराजांनी मला पहिला हप्ता परत केला. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण मुलीच्या माहेरून फोन आला. सगळे बसले होते, फिल्म चालू होती. पाठवणीच्या वेळी सगळे गाडीजवळ, रडारड, फोटो. त्याच वेळी मागे दारात एकटी उभी असलेली आजी. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने लेकराने टाकलेली अक्षतांची पुडी उचलली, पदराला गाठ मारली आणि आत निघून गेली. जेमतेम सात सेकंदांचा शॉट. तो लागला आणि त्या घरात कुणी काही बोललंच नाही म्हणे. मग आजीच म्हणाली, ‘‘पुन्हा लाव रे.’’ चार वेळा लावला.

रात्री मी बंधुराजांना विचारलं, ‘‘तुला कसा सापडला रे तो?’’

तो जरा ओशाळला. म्हणाला, ‘‘ताई, खरं सांगू? तो दुसऱ्या कॅमेऱ्यातला होता. ते फुटेज चालतच नव्हतं ना, अडायचं. मी ते बघणारच नव्हतो. जे सुरळीत चालतंय त्यातनंच फिल्म संपवून टाकणार होतो. प्रॉक्सी झाल्यावर सगळं चाललं, म्हणून सगळं बघितलं.’’

इतके दिवस मी मिनिटं मोजत होते. सात तास, पाच तास, पन्नास मिनिटं. अकाउंट्सचीच बाई मी! पण मशीन अडत असलं की माणूस बघायचंच सोडून देतो, हे कुठल्या आलेखात दिसणार? जे पटकन उघडतं तेच वापरून मोकळा होतो. अशी कुणाकुणाची आजी कुठल्या कुठल्या हार्ड डिस्कमध्ये तशीच पडून असेल.

तेव्हा कार्ड घेताना एवढंच बघा. आपलं सगळं फुटेज आपल्याला न अडता बघता येतं का? त्यासाठी जे सगळ्यात कमी पैशांत लागेल, ते घ्या. कधी ते कार्ड असेल, कधी रॅमची पट्टी, कधी नुसती रात्रभर चालवलेली प्रॉक्सी.

स्कूटी? येईल की. बंधुराजांचे दोन हप्ते बाकी आहेत आणि तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतोय. तोवर शेअर रिक्षा जिंदाबाद. फक्त हेल्मेट तेवढं घेऊन ठेवलंय. रिक्षात घालून बसत नाही, एवढंच!